कुलपातून गेलेलं डिफरन्शियल

१

सोमवारी सकाळी चोरीला गेलेलं डिफरन्शियल परत आलं. शेडचं कुलूप कुणी उघडलं नव्हतं, गाडीचा एक नट फिरला नव्हता, आणि ज्याने ते चोरलं यावर घरात एकमत झालं होतं, तो शेडच्या दारात उभा राहून चहात बिस्किट बुडवत होता.

पण हे झालंच नाही असं समजू या. सोमवार अजून यायचाय. आज रविवार आहे, दुपार कलली आहे, आणि परीक्षक आत्या आपल्या स्वयंपाकघरात कोबी चिरत बसल्या आहेत.

त्यांना परीक्षक म्हणत, कारण निवृत्त होईपर्यंत त्या परवान्याच्या कचेरीत लोकांची गाडी चालवण्याची परीक्षा घेत. अर्ध्या गावाला त्यांनी नापास केलं होतं, आणि उरलेलं अर्धं गाव त्यांच्या धास्तीने सायकल वापरत होतं. नोकरीतलं त्यांचं शेवटचं काम म्हणजे सख्ख्या थोरल्या भावाचा परवाना पुढे वाढवायला दिलेला नकार. अण्णांना डाव्या कडेचं दिसेनासं झालं होतं. "तुझ्या हिशेबाने रस्त्याला डावी बाजूच नाही," एवढं म्हणून त्यांनी शिक्का मारला. तेव्हापासून अण्णा बहिणीशी बोलत, पण तिला आपल्या डावीकडे बसवून. म्हणजे ती दिसायला नको.

फोन वाजला. थोरला भाचा होता.

"आत्या, आहेस तशी ये. पानाने डिफरन्शियल चोरलं."

"कुणाचं?"

"आपलंच."

आत्यांनी सुरी खाली ठेवली. कोबी तसाच राहिला. तो या गोष्टीत पुन्हा येणार नाही.

२

अण्णांच्या घरामागे पत्र्याची शेड होती. शेडमध्ये अण्णांची जुनी टॅक्सी मागची दोन्ही चाकं वर करून स्टँडवर उभी होती, आणि तिच्याभोवती माणसं अशी उभी होती की आत्यांना वाटलं कुणीतरी तिच्याखाली गेलंय. कुणी गेलं नव्हतं. फक्त वस्तू गेली होती.

सगळ्यात उंच होते ते दातांचे डॉक्टर. आठवडाभर दात, आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरचढणीच्या मोटार शर्यती, असं त्यांचं आयुष्य होतं. अण्णांची दाढ साफ करताना, तोंड उघडं असूनही अण्णांनी त्यांना ऐकवलं होतं की आपल्या टॅक्सीला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे. ते आता कुठे मिळत नाही. डॉक्टर गाडी घ्यायला तयार झाले होते ते तेवढ्यासाठी. बाकीची गाडी त्यांच्या दृष्टीने गुंडाळायचा कागद होती.

"मॅडम, तुम्हाला थोडक्यात सांगतो," डॉक्टर म्हणाले. "गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. ते जमवून घेतं ते डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक चिखलात घसरलं, की इंजिनाचा जोर सगळा त्याच चाकात वाया जातो. घट्ट जमिनीवरचं चाक नुसतं उभं. लिमिटेड स्लिपमध्ये तसं होत नाही. दोघांना एकमेकांशी थोडंफार बांधलेलं असतं."

"हे मला ठाऊक आहे," आत्या म्हणाल्या. "ओळखलंत कसं ते सांगा."

"सोपं आहे. मागची चाकं उचलायची, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडायचा. एक चाक हाताने फिरवायचं. दुसरं उलटं फिरलं तर साधं. त्याच दिशेला फिरलं तर लिमिटेड स्लिप. मी सकाळी फिरवलं, सगळ्यांच्या समोर. दोन्ही एका दिशेला फिरली. गाडी चालूसुद्धा केली नाही, लगेच ट्रेलर आणायला गेलो. दुपारी आलो, गाडी उचलली, पुन्हा फिरवलं." त्यांनी एक चाक पुढे ढकललं. पलीकडचं चाक निवांतपणे मागे फिरलं, समोरून ओळखीचं कुणी आल्यावर वाट बदलणाऱ्या माणसासारखं.

"मधल्या वेळात शेडला कुलूप होतं," थोरला म्हणाला. "गाडी खाली घेऊन, कुलूप लावून किल्ली पानाने खिशात टाकली. आणि डिफरन्शियल बदलायला येतं असा घरात एकच माणूस आहे."

तो माणूस चाकाशी उकिडवा बसला होता. धाकटा. लहानपणी खेळणं म्हणून पाना कवटाळून झोपायचा, म्हणून त्याचं नाव पाना पडलं. पंचविशी उलटून गेली तरी नाव शिल्लक होतं, आणि सवयही असावी.

"उद्या सकाळी हा शर्यतीच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये रुजू होणार होता," डॉक्टर म्हणाले. "माझ्या शब्दावर. मालकाकडे एकेक पार्ट तिजोरीत ठेवण्यासारखा असतो. मॅडम, मला वाईट वाटतंय, पण उद्यापर्यंत वस्तू आली नाही तर मला मालकाला सांगावं लागेल. आणि एकदा त्याने नाही म्हटलं, की या धंद्यात दुसरं कुणी दारात उभं करत नाही."

 पाना चाकाकडे बघत होता. चाकाने आपल्याला असं का करावं, असा त्याचा चेहरा होता.

३

आत्यांनी एकेकाला अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. समोर दुसऱ्या खुर्चीत स्वतः बसल्या. नोकरीत असताना त्या शेजारच्या सीटवरून प्रश्न विचारत. त्यामुळे समोरून विचारताना त्यांना जरा अवघडल्यासारखं होत होतं.

आधी पाना.

"दुपारी होतास कुठे?"

"केस कापायला. उद्या नोकरीला जायचं म्हणून."

आत्यांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. केस कापलेत असं कुठूनही दिसत नव्हतं. खटल्यातला हाच सगळ्यात भक्कम पुरावा होता.

"त्याने थोडेच कापले," पाना म्हणाला. "आत्या, मला स्वतःलाच कळत नाहीये. त्या गाडीला लिमिटेड स्लिप नाहीच. मागच्या झाकणावर 'लिमिटेड स्लिपचं तेल वापरा' असं लिहिलेली पट्टी आहे, पण ते झाकण भंगारातून आणलंय. आपलं दगडावर आपटून फुटलं होतं. मी अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, झाकणाला जास्त कळतं का तुला. आणि सकाळी बघतो तर दोन्ही चाकं एकीकडे."

"गाडी अलीकडे कशी चालायची?"

"मागून रडायची. पार कान किटायचे. महिनाभरापासून गप्प आहे. पण चालवलीय कुठे मी? दारातून शेडमध्ये, शेडमधून दारात."

मग वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको. तिला या चौकशीचं कौतुक नव्हतं.

"आत्या, या घरात वस्तू जातात, ही काय बातमी आहे? मागच्या महिन्यात माझ्या लव्हेंडरच्या मेणबत्त्या गेल्या. सात-आठ होत्या, अख्खा खोका. पाहुण्यांसाठी जपून ठेवला होता. तेव्हा परीक्षकांना फोन केला का कुणी? म्हणाले, उंदरांनी खाल्ल्या. उंदरांनी खोका घडी घालून ठेवला होता का?"

"दुपारी काही आवाज ऐकलास?"

"झोपले होते. शेजारचा पाण्याचा पंप तेवढा रडत होता. लांबून जवळ आला आणि बंद पडला."

"पंप जवळ आला?"

वहिनी थांबली. "झोपेत होते हो मी."

सकाळी गाडी बघून झाल्यावर थोरला दुकानात गेला होता. दुकान शोभेच्या माशांचं. त्याआधी अळिंबी, त्याआधी व्यायामाची यंत्रं, त्याआधी काहीतरी असं, ज्याचं नाव घरात काढत नसत. प्रत्येक वेळी अण्णा पाठीशी उभे राहिले होते. गाडी विकायची तीही मोठ्या टाकीसाठी.

"पानाने हे करावं याचं मला वाईट वाटतं," थोरला म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. "पण दुसरं कोण असणार?"

"शेडची दुसरी किल्ली आहे ना?"

"दाराआड खिळ्याला. पण तिचा काय उपयोग? किल्लीने डिफरन्शियल सुटत नाही."

शेवटी अण्णा. त्यांनी खुर्ची फिरवली, बहीण डावीकडे येईल अशी.

"अण्णा, दुपारी?"

"पडलो होतो."

"पानाने चोरलं असं वाटतं तुला?"

 "मला काय दिसतंय हल्ली," अण्णा म्हणाले. आणि दुखऱ्या दाढेवरून जीभ फिरवत उठून गेले.

आत्या बसून राहिल्या. हजारो लोकांना त्यांनी चालत्या गाडीत पाहिलं होतं. माणूस चूक करणार असेल तर आधी आरशात बघायचं टाळतो, हे त्यांना पाठ होतं.

४

चहा झाला, डॉक्टर अंगणात येरझाऱ्या घालू लागले, आणि आत्या एकट्याच शेडमध्ये शिरल्या. साडीचा पदर खोचून त्या गाडीखाली गेल्या. तिथे आधीपासून कुणीतरी होतं.

घरातलं मांजर. थंडीचे दिवस होते, आणि एरवी ते वहिनीच्या कपड्यांच्या टोपलीत झोपे. आज ते बरोबर मागच्या दांड्याखाली, डिफरन्शियलच्या गोळ्याखाली अंग पसरून पडलं होतं, आणि उठायचा त्याचा विचार नव्हता. आत्यांनी गोळ्यावर तळहात टेकवला. मग मांजराला म्हणाल्या, "अस्सं."

त्यांनी झाकणाचे बोल्ट पाहिले. प्रत्येकाच्या डोक्यावर वाळलेल्या चिखलाची टोपी होती, कितीतरी पावसाळ्यांची. पाना लावला असता तर ती पहिल्या फेरीत गळून पडली असती. पट्टीही जागेवर. मात्र बाजूचं तेल भरायचं बूच स्वच्छ होतं, आणि त्याच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. त्यांनी नाक जवळ नेलं. जळक्या तेलाचा वास यायला हवा होता. आला तो चांगल्या हॉटेलातल्या उशीचा.

बाहेर येऊन त्यांनी गाडीला एक फेरी मारली. उजवी बाजू ठीक. डाव्या बाजूच्या दाराच्या कडीत हिरवी पानं अडकली होती, न सुकलेली. आरसा आत दुमडला होता.

मग त्या चालकाच्या सीटवर बसल्या, आणि बसताक्षणी त्यांच्या मनात आलं, की किती छान बसता आलं. पाय क्लचला नीट पोचत होते. त्यांची उंची अशी, की आयुष्यात कुठल्याही गाडीत त्यांना सीट पुढे ओढावी लागली होती. पाना आणि थोरला दोघेही आईवर गेलेले, ताडमाड. डॉक्टर तर दारातून वाकून येत.

त्या बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या.

"गाडी स्टँडवरच राहू दे," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "कुलूप मी लावते. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. डॉक्टर, सकाळी लवकर या. वस्तू परत येईल."

"चोर आणून देईल?"

"नाही. ती स्वतःची स्वतः येईल. तिची तशी पद्धत आहे."

डॉक्टरांनी थोरल्याकडे पाहिलं, थोरल्याने आकाशाकडे. आत्यांचं वय झालं, यावरही तिथे सगळ्यांचं एकमत झालं.

त्या रात्री घरी त्यांनी किल्ल्या उशाशी ठेवल्या. चोरीचं कोडं सुटलं होतं. दुसरं एक सुटत नव्हतं. एवढी सगळी माणसं, त्यात त्याचा बाप, पानाला चोर ठरू द्यायला इतक्या सहज कशी तयार झाली? त्यांना डॉक्टरांचं बोलणं आठवलं. जोर घसरणाऱ्या चाकाला. घट्ट उभं असेल ते नुसतं उभं. पाना कधी घसरला नव्हता. त्यामुळे घरात त्याच्याकडे बघायची कुणाला गरज पडली नव्हती, आणि ज्याच्याकडे कधी बघितलंच नाही त्याच्याबद्दल काहीही खरं वाटू शकतं.

५

सोमवारी सकाळी आत्यांनी सगळ्यांसमोर कुलूप काढलं. आता जे व्हायचं ते होऊ द्यायला हरकत नाही.

"फिरवा."

डॉक्टरांनी एक चाक पुढे ढकललं. पलीकडचं चाकही पुढे फिरलं, जड जड, पण पुढेच.

 पानाचं बिस्किट चहात पडलं.

"आलं," थोरला म्हणाला. मग पानाकडे वळून, "भीती वाटली ना? बरं केलंस."

"कुठल्या दाराने आणून बसवलं त्याने?" आत्यांनी विचारलं. "किल्ल्या माझ्या उशाशी होत्या. आणि बोल्टवरचा चिखल? तोही त्याने परत चिकटवला, जसाच्या तसा, ओळीने?"

"मग काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते कुठे गेलंच नव्हतं. लिमिटेड स्लिप या गाडीत नव्हतंच. पाना, ते बाजूचं बूच उघड, आणि बोट घाल."

पानाने बूच सोडवलं, बोट घातलं. बाहेर आलं ते तेल नव्हतं. राखाडी, घट्ट लोणी होतं, आणि शेडभर एक मंद, प्रसन्न सुगंध पसरला.

वहिनी पुढे झाली. तिने वास घेतला, आणि तिचे डोळे बारीक झाले. "या माझ्या मेणबत्त्या आहेत."

"त्याच," आत्या म्हणाल्या. "गाडी मागून रडायची. विकायच्या आधी आवाज बंद करायचा म्हणून कुणीतरी मेणबत्त्या वितळवून तेलात ओतल्या. आवाज खरोखर थांबला. पण त्याला हे कळलं नाही, की गार असताना आतले दाते त्या मेणात रुतून बसतात. एक चाक फिरवलं की दुसरं सोबत ओढलं जातं. अगदी लिमिटेड स्लिपसारखं. गाडी चालवून गोळा तापला, की मेण पातळ होतं. मग चाकं उलटसुलट फिरतात, आणि गाडी पुन्हा रडते."

"पण गाडी तर चालवलीच नव्हती," डॉक्टर म्हणाले. "सकाळी मी पाहिली, दुपारी पुन्हा पाहिली. मध्ये कुलूप होतं."

"काल मी आले तेव्हा गोळा कोमट होता. मांजराला माझ्या आधी कळलं होतं. सूनबाईने झोपेत जो पंप जवळ येताना ऐकला, तो पंप नव्हता."

आता सगळे गोळ्याकडे न बघता एकमेकांकडे बघू लागले.

६

"म्हणजे कुणीतरी दुसऱ्या किल्लीने गाडी काढली, फिरवून आणली, आणि परत कुलूप लावलं," थोरला सावकाश म्हणाला. "कुणी?"

आत्यांना सीटबद्दल सांगता आलं असतं. डाव्या कडीतल्या पानांबद्दल, दुमडलेल्या आरशाबद्दल. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या चुका मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या, तेवढं त्यांना चांगलं यायचं. त्या भावाच्या समोर गेल्या. डावीकडे नाही. समोर.

"कुणी ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण मी आता नोकरीत नाही. मी नापास करणार नाही. ज्याने काढली त्यानेच सांगावं. या पोराला नऊला निघायचंय."

मांजराने येऊन गार गोळ्याखाली बसून बघितलं, आणि ते नाराज होऊन निघून गेलं.

"तळ्यापर्यंत," अण्णा म्हणाले.

थोरला म्हणाला, "अण्णा?"

"तळ्यापर्यंत गेलो आणि वळसा घालून आलो. ती ट्रेलरवर चढून जाणार होती. म्हटलं, एकदा. चाळीस वर्षं लोकांना जिथे म्हणतील तिथे नेलं, एकदा मला पाहिजे तिथे." त्यांनी बहिणीकडे पाहिलं. "तुझ्या झुडपांनी थोडं खरवडलं. बाकी कुणाला धक्का लागला नाही."

"झुडपं माझी नाहीत, अण्णा. ती रस्त्याच्या डाव्या बाजूची आहेत. तीच, जी नाही म्हणतोस."

"आणि माझ्या मेणबत्त्या?" वहिनी म्हणाली.

"आवाज बंद होतो असं टॅक्सी स्टँडवर कुणीतरी सांगायचं. वासाच्या आहेत हे ओतल्यावर कळलं."  मग अण्णा पानाकडे वळले, आणि त्यासाठी त्यांना पूर्ण मान फिरवावी लागली, कारण पाना त्यांच्या डावीकडे उभा होता. बहुधा नेहमीच असायचा. "काल हे तुला चोर म्हणत होते, तेव्हा मला वाटलं, पाना काय, निभावून नेईल. तू कायम निभावतोस. म्हणून गप्प बसलो. तुझ्या आत्यासमोर गाडी काढली म्हणायची लाज वाटली. तुझं काय व्हायचं ते होऊ दिलं. हे बरोबर नाही केलं मी."

 पानाने बोटावरचं मेण फडक्याला पुसलं. "उकळतं ओतलंत?" त्याने विचारलं.

"पितळी पातेल्यात."

"माझं पातेलं?" वहिनी म्हणाली, पण आत्यांनी तिचा हात दाबला.

डॉक्टरांनी पानाची माफी मागितली, नीट, खाली बघून नाही. मालकाला लगेच फोन करून सांगितलं, की पोराला तिजोरीची किल्ली दिली तरी चालेल, पण मेणबत्त्या दूर ठेवा. गाडी त्यांना आता नको होती. अण्णांच्या दाढेची पुढची तारीख मात्र त्यांनी तिथल्या तिथे दिली, आणि देताना ते ज्या प्रकारे हसले, त्याने अण्णा पांढरे पडले.

निघण्याआधी गाडी स्टँडवरून उतरवायची होती. ते काम पानाने केलं. मग ती पुढे घ्यायला तो आत बसला आणि त्याचे दोन्ही गुडघे स्टिअरिंगला येऊन टेकले. आत्या बघत होत्या. सीट मागे सरकवायचा खटका कुठे आहे ते त्याला झोपेतसुद्धा सापडलं असतं. त्याने हात लावला नाही. गुडघे वर घेऊन, उंटासारखा बसून त्याने गाडी पुढे नेली, बाहेर पडला, दार हळू लावलं आणि नोकरीला गेला.

पुढच्या आठवड्यात आत्यांच्या दाराखालून एक कागद सरकला. अक्षर अण्णांचं होतं. प्रत्येक ओळ डाव्या समासापासून बरीच लांब सुरू झाली होती.

"प्रति,
मा. अधिकारी, वाहन परवाना विभाग
(निवृत्त परीक्षकांमार्फत)

विषय : रस्त्याची डावी कड सरकवून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदारास उजवी बाजू समाधानकारक दिसत असून अडचण केवळ डाव्या बाजूची आहे. तरी आमच्या फाटकापासून तळ्यापर्यंतच्या रस्त्याची डावी कड, तेथील झुडपांसह, अर्जदाराच्या नजरेच्या टप्प्यात येईल इतकी उजवीकडे सरकविण्यात यावी. तांत्रिक कारणास्तव ते शक्य नसल्यास, अर्जदाराच्या डाव्या बाजूस त्याचा धाकटा मुलगा कायमस्वरूपी बसविण्यात यावा, तो तेथे आहे याची खात्री अर्जदाराने दर वळणावर मान फिरवून करून घ्यावी असे बंधन घालण्यात यावे, आणि मुलाच्या नोकरीच्या वेळा त्यानुसार बदलून मिळाव्यात, ही नम्र विनंती."